ओढ्यात रुतलेली लॉरी

शिरड शहापुरात बाकीच्या घरांत पहाट जात्याच्या घरघरीने होई, आमच्या घरात ती लॉरीच्या हॅण्डलने होई. अंगणात चिंचेखाली ती धूड उभी असे. आबा, माझे वडील, मला अंथरुणातून उठवून तिच्या पुढ्यात उभे करीत आणि रोज तेच वाक्य ऐकवीत, "अंगठा बोटांच्या बाजूनं ठेव, गाढवा. मूठ आवळून धरशील तर उलट्या झटक्याला मनगट जाईल." मी हॅण्डल फिरवी. लॉरी खोकत असे, थुंकत असे, पुन्हा गप्प होई. चुलीपुढून माझी थोरली बहीण अक्का ओरडे, "अरे, तिला आधी भाकरी तरी खाऊ घाला! उपाशीपोटी कोन उठतं?" आबा हसत नसत. ते स्वतः हॅण्डल मारू शकत नव्हते, कारण त्यांचा उजवा हात कोपरापासून खाली नव्हता.

तो हात कसा गेला ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. आबा आधी बैलगाडीवाले होते. हिंगोलीच्या एका कापूस व्यापाऱ्याचा माल वाहायचे. आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडी रुतणं म्हणजे रोजचा धंदा, आणि त्याचा एक नेम होता. वाटेत कुणाची गाडी रुतलेली दिसली की आपली गाडी थांबवायची, खाली उतरायचं आणि न विचारता चाकाला खांदा द्यायचा. चाकाच्या आऱ्या दोन्ही हातांनी धरायच्या, खांदा चाकाच्या कडेला लावायचा, 'हां, होऊ दे!' अशी आरोळी ठोकायची आणि बैलवाल्याने बैल हाकले की चाक माणसाच्या जोरावर वर फिरवायचं. गाडी ओळखीच्याची आहे का, कोणत्या जातीची आहे, हे कुणी बघत नसे. खांदा न देता जो पुढे गेला त्याच्या घरी सोयरीक करताना लोक विचार करीत. पुढे व्यापाऱ्याने लॉरी घेतली, तिच्यावर बाहेरगावचा ड्रायव्हर ठेवला आणि आबांना मदतीला दिलं. पहिल्याच पावसाळ्यात लॉरी रुतली. आबा सवयीने उतरले, मागच्या चाकाला खांदा लावला, हात आत घातला आणि नेहमीसारखी आरोळी ठोकली, "हां, होऊ दे!" ड्रायव्हरने गाडी गिअरमध्ये टाकली. बैल ओढतो तेव्हा चाक माणसाच्या हातात असतं. इंजिन ओढतं तेव्हा माणूस चाकाच्या हातात जातो. एवढा फरक त्यांना कुणी सांगितला नव्हता. सांगायचं कुणी? व्यापाऱ्याने त्यांना दवाखान्यात नेलं आणि "तुम्ही घाई केली, रामराव," असं म्हणून तो मोकळा झाला.

एका हाताने आबा बाकी सगळं शिकले, आणि जे करता येत नव्हतं ते त्यांनी मला शिकवलं. निजामाच्या राज्यात दिवस बिघडले तसा व्यापारी कुटुंब घेऊन सरहद्दीपलीकडे वाशिमला गेला आणि लॉरी आमच्या अंगणात टाकून गेला. मी बाजूला बसलेल्या आबांच्या शिव्या खात गाडी चालवायला शिकलो. शिव्या म्हणजेच धडे. "रुतली की आधी काय करायचं?" "इंजिन बंद." "मंग?" "खाली उतरून चारी बाजूंनी बघायचं." "अन् पाय दाबून चाक फिरवलं तर?" "स्वतःची कबर स्वतः खोदली." "जॅकवर चढवलेल्या गाडीखाली?" "मुंडकं घालायचं न्हाई." "अन् चालू गाडीच्या चाकाजवळ?" याचं उत्तर मी तोंडाने देत नसे. मी त्यांच्या बाहीच्या गाठीकडे बघत असे.

मी त्या वेळी मोठा शहाणा होतो. शाळा सोडली होती आणि पत्रकं लिहीत होतो. निजामाच्या राज्यात तेवढंच एक काम करण्यासारखं आहे असं माझं मत होतं, आणि ते आजही बदललेलं नाही. शाईने माखलेले हात घेऊन मी घरी आलो की अक्का पत्रक हातात घ्यायची. तिला अक्षरं लावता येत. नांदायला गेली ती दोन पावसाळ्यांत परत आली. का, ते तिने सांगितलं नाही आणि मायने विचारलं नाही. पण त्या घरातून ती वाचायला मात्र शिकून आली होती. एकेक शब्द ती हळूहळू मोठ्याने वाचायची. "'बंधूंनो, उठा.' ह्ये बंधू कोन रे? काहून झोपलेत? आपल्या गल्लीत तर सगळे कवाचे उठून रानात गेले." मी चिडून बोलू लागलो की ती अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी पुढे सरकवायची, वर जवसाची चटणी आणि तेलाची धार. "खा. बंधूंना नंतर उठव. आधी भगिनीला दोन घागरी पानी आनून दे." पाणी मी आणून देत नसे. ती स्वतःच जाई. हे लिहून ठेवतो, कारण तिच्याविषयी आता लिहिणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

निजामाचं राज्य जायच्या आधीच्या शेवटच्या पावसाळ्यात गावात पटकी शिरली. आधी खालच्या आळीत, मग देवळामागे, मग आमच्या शेजारी गंगूमावशीकडे. माणूस सकाळी वखर घेऊन जायचा आणि दुपारी त्याच्या डोळ्यांच्या खोबण्या व्हायच्या. तालुक्याला माणसं गेली, अर्ज केले, विनवण्या केल्या. सरकारातून आला तो एक शिपाई, आणि तो सक्तीने वसूल करायची लेव्हीची ज्वारी किती उरली ते विचारायला आला होता! मला सांगा, अशा राज्याला काय म्हणायचं? मी काय म्हणत होतो ते पत्रकांत छापलेलं होतं. पण पटकी पत्रकं वाचत नाही. गावात पेन्शनीत निघालेले एक म्हातारे कंपौंडर होते. त्यांनी हात टेकले. "मिठाच्या पाण्याच्या बाटल्या असतील तर शिरेतून चढवतो. त्याशिवाय मी काही करू शकत नाही. आणि त्या इथं मिळणार नाहीत, सरहद्द बंद आहे."

बाटल्या सरहद्दीपलीकडे, निजामाविरुद्ध लढणाऱ्या आमच्या पोरांच्या छावणीत होत्या. निरोप गेला, निरोप आला. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे एका शेतात पोरं डोक्यावरून खोकी आणून ठेवतील, पुढचं तुम्ही बघा. त्याच सकाळी अक्काला पहिली उलटी झाली. तिने ती लपवली. मायने गोठ्यात उलटीवर राख टाकलेली बघितली आणि तिथेच बसली.

लॉरी नेणारा मी एकटाच होतो. आबा निघाले होते, पण एकहाती बापाला आणि पत्रकांपायी फरारी यादीत नाव असलेल्या पोराला एकाच गाडीत बघून चौकीवाले काय करतील हे त्यांनाही ठाऊक होतं. गावातल्या दुसऱ्या कुणाला यायला सांगितलं असतं तर तो आला नसता. मी त्याला दोष देणार नाही. हिंगोलीच्या बाजूला गेलेली माणसं चौकीवाले उचलून नेत, ती परत येत नव्हती. लॉरीत सरकीची पोती भरली, म्हणजे कुणी विचारलं तर व्यापाऱ्याचा माल. आबांनी फळी, फावडं, जॅक, जाड दोरखंडाचा सोल आणि हवेचा पंप स्वतः मोजून आत टाकला. अक्का अंथरुणावरून म्हणाली, "भित्र्या, हळू चालव. मी कुठं पळून चालले?" तिचा आवाज तेव्हाच बसला होता.

जाताना काही झालं नाही. खोकी मिळाली. पोती पसरून त्यांवर ती ठेवली, वर पुन्हा पोती. येताना हिंगोलीच्या चौकीवर गाड्या रिकाम्या करून बघतात अशी खबर लागली, म्हणून मी मुख्य रस्ता सोडला आणि गाडीवाटेने रानात शिरलो. ती चूक नव्हती. दुसरा रस्ता नव्हता. वर कुठेतरी पाऊस पडून गेला होता. एका ओढ्याच्या उतारावर पुढची चाकं पार गेली आणि मागची खाली बसली. बसली म्हणजे कशी, तर म्हैस बसते तशी, हळूच, आता उठणार नाही असं सांगून.

इंजिन बंद केलं. उतरलो. उजवं मागचं चाक आसापर्यंत गेलं होतं. चहूकडे माणूस नाही, फक्त टिटवी ओरडत होती. पहिल्यांदा खोकी काढली आणि एकेक करून काठावर उंचावर नेऊन ठेवली. लॉरी बुडाली तरी चालेल, बाटल्या बुडता कामा नयेत. पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली, म्हणजे पाणी चढतंय का ते कळेल. मग सगळी पोती उतरवली. एकट्याने पोतं उतरवणं म्हणजे त्याच्याशी कुस्तीच असते. चाकाभोवतीचं पाणी जायला फावड्याने चर काढला, चाकाच्या पुढची माती उकरून उतार केला. जॅक चिखलात जातो म्हणून त्याखाली फळी. चाक उचललं गेलं की खाली दगड भरायचे, हात लांब ठेवून, काठीने ढकलून. मला घाई होती, पण आबांचा हात डोळ्यांपुढे होता.

आजकाल माझ्या नातवाच्या वयाची पोरं हौस म्हणून चिखलात जीपगाड्या घालतात. चार गाड्या बरोबर, पुढे लोखंडी दोराचं यंत्र, वर फोटो काढणारा. परवा एकाने मला विचारलं, आजोबा, तुमच्या वेळी एकट्याने गाडी कशी काढायचे? मी म्हणालो, घाबरून. त्याला ते विनोदी वाटलं.

दगड पुरले नाहीत. मी दोन पोती चाकापुढे आडवी घातली आणि हळूच क्लच सोडला. चाकाने पोतं फाडलं, सरकी चेंगरली, तेल सुटलं, आणि आधीपेक्षा गुळगुळीत झालं. पुन्हा सगळं काढलं. बाभूळ समोर होती पण काट्याने ट्यूब गेली असती, म्हणून लांबून पळसाच्या फांद्या तोडून आणल्या. चाकांतली हवा अर्धी सोडली, म्हणजे चाक पसरून धरतं. काटकी बघितली तर पाणी बोटभर चढलं होतं. मी पुन्हा गाडी चालू केली, आणि तेव्हाच मागून बैलगाड्या आल्या.

त्या लमाण तांड्याच्या होत्या. गाड्यांवर गाडगी, कोंबड्या, लेकरं, म्हणजे तेही कुठून तरी पळून चालले होते. एक बाई लॉरीकडे बघून हसली, "काहून भाऊ, मोटारीला सकाळी वैरन घातली न्हाई वाटतं?" मी उत्तर देईपर्यंत गडी खाली उतरले होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. त्यांचा नाईक, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, सरळ त्या उजव्या चाकाशी गेला, वाकला, खांदा लावला, हात आत घातला आणि मोठ्याने म्हणाला, "हां, होऊ दे!"

ती आरोळी मी आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली नसती तर बरं झालं असतं. गाडी गिअरमध्ये होती, माझा पाय क्लचवर होता. तो तसाच दाबून धरून मी इंजिन बंद केलं आणि उडी मारली. "हात काढा! लांब व्हा! चाकाला हात लावू नका!" म्हातारा हलेना. त्याला वाटलं मी घाबरलोय. तो म्हणाला, "आरं लागू दे जोर." मी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला ढकललं. तो चिखलात पाठीवर पडला. बायका-लेकरांच्या देखत.

मग एक तरुण गडी माझ्या अंगावर आला. म्हाताऱ्याने त्याला थांबवलं आणि स्वतः उठला. धोतर झटकलं. "तुमची मोटार हाय, बापू," तो म्हणाला. "आमी तांड्याची मान्सं. आमचा हात नको असंल."

"तसं न्हाई, नाईक. माझ्या बापाचा हात असाच गेला. इंजिनाचं चाक येगळं असतं. तुमी खांदा देऊ नका, फक्त बैल द्या. पुढून सोल बांधून ओढू."

"व्हय? आमचे खांदे चालत न्हाईत, अन् आमच्या बैलांचे चालतात?"

मला बोलता येत होतं असं मला वाटत होतं. समता, बंधुत्व, गुलामगिरी, हे शब्द मी हजारो कागदांवर छापले होते. त्या माणसापुढे त्यातला एकही कामाचा नव्हता. मी ओरडलोच, "गावात पटकी हाय! माझी बहीन मरून राहिली! ह्या खोक्यांत औषध हाय, समजून घ्या!" पटकी हा शब्द ऐकताच बायांनी लेकरं गाडीत ओढली. ती हसणारी बाई पदर तोंडाला लावून मागे सरली. तरुण गड्याने बैलांची शेपटं मुरगाळली. नाईक मात्र थांबला. माझ्याकडे बघत होता, खोक्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "पटकीवाल्याची गाडी बी आमी काढली असती. पर ढकलून दिलेल्या मानसानं परत यायचं नसतं." आणि गाड्या वरच्या अंगाने ओढा पार करून गेल्या. आम्हा लोकांचा नेम असा आहे, न मागता खांदा द्यायचा. तो नाकारला तर काय करायचं, यासाठी नेम कुणी केलेलाच नाही. आजवर कुणी नाकारलाच नव्हता.

मी चुकलो असं मला वाटत नाही. तेव्हा नाही आणि आताही नाही. त्या म्हाताऱ्याचा हात शाबूत राहिला. पण ज्या राज्यात दवाखाना औषध देत नाही, चौकीपायी सरळ रस्त्याने जाता येत नाही आणि माणूस माणसाला हात लावताना आधी जात आठवतो, त्या राज्याने त्या ओढ्यात माझ्याकडून आणि त्याच्याकडून जे करून घेतलं त्याचा संताप मला अजून येतो. म्हातारपणी राग ओसरतो म्हणतात. ज्यांचा ओसरतो त्यांचा ओसरो.

पुढचं मी एकट्याने केलं. दगड, पळस, दगड. गाडी वर आली ती ऊन उतरल्यावर, एकदम, जणू काही अडलंच नव्हतं. काटकी तोवर दिसेनाशी झाली होती. पंपाने हवा भरली, खोकी चढवली, पोती तिथेच टाकली. गावात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. आमच्या अंगणात माणसं उभी होती, आणि ती माझ्या गाडीसाठी उभी नव्हती. अक्का दुपारीच गेली होती.

आबांनी विचारलं, "कुठं अडकलास?" मी सगळं सांगितलं, काही न गाळता. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बराबर केलंस." आणि भिंतीकडे तोंड केलं. माय चुलीशी होती. चूल पेटलेली नव्हती. तिने विचारलं, "किती गडी व्हते?"

"चार-पाच."

"चार-पाच गडी," ती म्हणाली. मग चुलीतली राख ओढत, "बैल बी व्हते?"

"व्हते."

कंपौंडर खोकी उघडून लागलीच खालच्या आळीत गेले. गंगूमावशीला बाटली चढवली, देवळामागच्या दोन लेकरांना चढवली. ती माणसं जगली. गंगूमावशी पुढे पुष्कळ वर्षं जगली आणि दर पंचमीला आमच्या घरी पुरणाचं दिंड आणून द्यायची. माय ते घ्यायची, तिच्यापुढे खायची आणि ती गेल्यावर उठून जायची.

पण हे नंतरचं. दुसऱ्या दिवशी अक्काला नदीवर पोचवून आलो तेव्हा कंपौंडर दारात उभे होते. बाटल्या संपल्या होत्या. नव्याने सात घरांत माणसं पडली होती. पलीकडे आणखी खोकी होती. मी जॅक, फळी, फावडं पुन्हा गाडीत टाकलं. हॅण्डल घेऊन पुढे गेलो तर केबिनचं दार उघडल्याचा आवाज आला. वळून बघितलं. माय पायरीवर पाय देऊन चढत होती. ती त्या लॉरीत कधीच बसली नव्हती. आबांचा हात गेल्यापासून तिने लॉरीला शिवलंही नव्हतं.

"माय, तू कुठं?"

"वाटंत कुनी खांदा द्याया आलं तर तू ढकलशील." तिने लुगडं सावरलं आणि समोर काचेतून बघत बसली. "तुला कागदावर बोलता येतं. मान्सासंगं मी बोलते. चल, चालू कर."